नाव नसलेली गोळी

औषध मिळाले की प्रश्न मिटला, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यांत नवजात बाळेही होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर रण माजले आणि प्रशासनाने तुटवडा नाकारला. ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण औषध खरेदी होऊन, गावात पोचून, रुग्णाच्या उशाशी आल्यानंतर त्याचे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात नव्हता. एरवीही तो कोणाच्या तोंडी नसतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त भिडतो तो म्हाताऱ्या माणसांना. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावातून मुले पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेली. मागे राहिलेल्यांपैकी काही जण वृद्धाश्रमात, काही जण 'केअर सेंटर' अशी पाटी लावलेल्या चार-पाच खोल्यांत आणि बरेचसे आपापल्या घरीच, कामाला येणाऱ्या मावशींच्या भरवशावर राहतात. प्रत्येकाला रक्तदाब, साखर, गुडघे, थायरॉइड यांपैकी दोन-तीन तरी जडलेले असतात. हृदयाचे डॉक्टर नांदेडच्या डॉक्टर लेनमधले, साखरेचे लातूरचे, तापा-खोकल्याचे गावातले. एकाने लिहिलेले औषध दुसऱ्याला माहीत असेलच असे नाही. एका माणसाच्या सात-आठ गोळ्या आणि एका छताखाली वीस माणसे, म्हणजे दिवसाला दीडशेच्या आसपास गोळ्या वाटायच्या. वाटणारी व्यक्ती बहुधा एकच, तिचे शिक्षण सातवी-आठवी, आणि तिला स्वयंपाकघरातही लक्ष ठेवायचे असते.

अशा ठिकाणी औषधे कशी ठेवलेली असतात? बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, मेडिकलच्या कॅरीबॅगमध्ये, खिडकीतल्या फळीवर, फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी. सकाळच्या घाईत वेळ वाचावा म्हणून गोळ्या आदल्या रात्रीच पाकिटातून सोडवून वाट्यांत काढून ठेवतात. चूक सुरू होते ती इथे. पाकिटातून सुटलेल्या गोळीला नाव राहत नाही, मात्रा राहत नाही, मुदतीची तारीखही राहत नाही. उरतो तो फक्त रंग आणि आकार. पांढऱ्या, गोल, लहान गोळ्या तर डझनभर आजारांवर आहेत.

ही केवळ गरीब आश्रमांची गोष्ट आहे असे मानण्याचे कारण नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी तेथील ५५ वृद्ध-शुश्रूषागृहांतील २५६ रहिवाशांच्या औषधांची तपासणी केली. प्रत्येकाला सरासरी आठ औषधे चालू होती आणि दहापैकी सात जणांच्या बाबतीत किमान एक चूक सापडली. लिहिण्यातली, देण्यातली, देखरेखीतली किंवा दुकानातून चुकीचे आलेले औषध, असे तिचे प्रकार होते. तिथे प्रशिक्षित परिचारिका आहेत, छापील तक्ते आहेत, तपासणी करणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे अशी मोजणी करण्याइतकीही नोंद बहुतेक ठिकाणी नसते. नोंद नाही म्हणून चूक दिसत नाही आणि चूक दिसत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते.

चुकीची किंमत किती असते हे एका औषधावरून लक्षात यावे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी सोबत लिहिलेली असते आणि ती इतर दिवशी घ्यायची असते. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही बऱ्याचदा पिवळसर. अदलाबदल झाली किंवा 'आठवड्यातून एकदा' हे सांगायचे राहून गेले, तर मेथोट्रेक्सेट रोज पोटात जाते. तोंडात फोड येतात, मग रक्तपेशी तयार होणे मंदावते, आणि वेळेत लक्षात आले नाही तर माणूस दगावतो. जगभर अशा मृत्यूंची नोंद आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र 'वय झालेच होते' एवढ्यावर चौकशी संपते. वृद्धांच्या औषधांतली चूक उघडकीला न येण्याचे हेच मोठे कारण आहे. चक्कर आली, पडले, झोपून राहू लागले, बरळू लागले, तर दोष वयाला जातो. वाटीतल्या गोळीकडे कोणी पाहत नाही.

इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते, तर काहींत आणि पेनच्या नळीत १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारंगी. शंभराच्या कुपीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा अंगात जाते. रात्री दिलेल्या अशा इंजेक्शनने साखर इतकी खाली जाऊ शकते की सकाळी माणूस उठत नाही. कुपीवर '४०' किंवा '१००' हा आकडा छापलेला असतो. पण तो इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि वाचणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर कधीचा बदललेला.

लेबलांचा हा गोंधळ देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेला आहे. मेंदूच्या मलेरियावरील 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांच्या नावांतील साम्यावरून दोन कंपन्यांत वाद झाला. २००१ मध्ये निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, औषधांच्या बाबतीत नावांच्या साम्याकडे इतर मालापेक्षा अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे. अनेक भाषांच्या आणि खेड्या-शहरांत विभागलेल्या या देशात गिऱ्हाईकच काय, डॉक्टर आणि दुकानदारही चुकू शकतात. त्यानंतरही बाजारात मिळत्याजुळत्या नावांची रेलचेल आहेच. साखरेची मेटफॉर्मिन आणि जुलाबावरची मेट्रोनिडाझोल ही तर मूळ नावे. त्यांवर प्रत्येक कंपनीचे वेगळे नाव चढले की ओळख पटवणे हे काम सोपे राहत नाही. गेल्या महिन्यात एका कंपनीची गोळी, या महिन्यात दुसरीची, सरकारी दवाखान्यातून आणली तर तिसरीच. औषध तेच, पण रंग वेगळा, म्हणून आजी दोन्ही घेतात. हे रोज घडते.

त्यात अर्धवट कापलेली पाकिटे. मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक पाकिटाच्या एका टोकाला छापलेला असतो. चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने कापून देतो आणि बरेचदा तारखेचा तुकडा दुकानातच राहतो. प्रत्येक गोळीमागे तारीख छापावी, पाकिटाला फाडण्याजोग्या रेषा असाव्यात, यावर केंद्रातील ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये विचार सुरू केला होता. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ३०० लोकप्रिय औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. कोड चांगलाच आहे. पण ज्यांना तो लागतो, त्यांच्या हातात बटनांचा फोन आहे.

मराठवाड्याला आणखी एक अडचण आहे, ती उन्हाळ्याची. बहुतेक गोळ्यांवर '३० अंशांखाली ठेवा' आणि काहींवर '२५ अंशांखाली' असे लिहिलेले असते. नांदेड-लातूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. एखाद्या दुपारच्या उकाड्याने गोळी निकामी होते असे नाही. कंपन्या आपली औषधे ४० अंशांना सहा महिने ठेवून तपासतात. पण ती तपासणी बंद पाकिटातल्या गोळीची असते. वाटीत सुटी ठेवलेली, पावसाळ्यात ओल धरलेली, खिडकीत उन्हात तापलेली गोळी त्या तपासणीत येत नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींना हळवी आहे. ॲस्पिरिनला ओल लागली की ती विरघळून बदलू लागते आणि डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास आला की गोळी टाकावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या दोन जागा औषधांना सर्वांत वाईट, आणि नेमकी तिथेच ती सापडतात.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रिजच्या दारात नाही, कारण दार उघडझाप होते; बर्फाच्या कप्प्याजवळ तर मुळीच नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निरुपयोगी असते. वीज गेली की काय करायचे, हा इथला खरा प्रश्न. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी उपयोगी आहे. केनियातील दादाब निर्वासित छावणीतल्या घरांत तापमान २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान हलते. तसेच तापमान ठेवून चार आठवड्यांनी इन्सुलिन तपासले, तेव्हा त्याच्या ताकदीत लक्षणीय घट आढळली नाही. म्हणजे चालू कुपी थंडाव्याच्या जागी महिनाभर टिकते. दोन मडकी एकात एक, मध्ये ओली वाळू आणि वर ओले फडके, एवढी सोय लोह्यात कोणत्याही कुंभाराकडून होते. मात्र कुपी कोणत्या तारखेला उघडली हे तिच्यावर लिहिलेले नसेल, तर महिना कुठून मोजायचा? डोळ्यांच्या थेंबांचेही तेच. बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी ती फेकायची असते, आणि आश्रमांत एक बाटली दोन-तीन जणांत फिरत असते.

गंमत म्हणजे औषध तापमानात सांभाळण्याचे सगळे शहाणपण तालुक्यात आधीपासून आहे. लहान मुलांच्या लसींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात खास शीतपेटी असते. तिचे तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, वहीत लिहायचे असते. पोलिओच्या कुपीवर १९९६ पासून एक लहानसे चिन्ह असते. वर्तुळातला चौकोन फिका असेल तोवर लस वापरायची, वर्तुळाइतका गडद झाला की टाकायची. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असे लेबल जगात यापेक्षा चांगले क्वचितच झाले असेल. तीच सेविका संध्याकाळी घरी जाऊन सासूचे इन्सुलिन दुधाशेजारी ठेवते, कारण लसीची वही शासनाने दिली आहे, इन्सुलिनची कोणी दिलेली नाही.

चांगले चिन्ह असूनही माणूस चुकतो, हेही खरे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका गावात पोलिओ मोहिमेत बारा बालकांना लसीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण निलंबनाने टेबल बदलत नाही. पाजायच्या द्रवाजवळ न पाजायचा द्रव ठेवायचाच नाही, हा नियम असेल तर दमलेला माणूसही सहसा चुकत नाही. आश्रमांत फिनेल पाण्याच्या बाटलीत असते, मालिशचे तेल खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत, आणि कानाचे थेंब डोळ्यांच्या थेंबांच्या शेजारी. शेतकरी घरांत तर कीटकनाशकाचा उरलेला घोट कुठल्या बाटलीत भरलेला असेल ते सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो? 'नर्सिंग होम' म्हटले की महाराष्ट्रात डोळ्यांपुढे दहा खाटांचे खासगी रुग्णालय येते. त्याची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. पण त्या कायद्यातली व्याख्या नीट वाचली, तर आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बल झालेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणारी जागाही तिच्यात येते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना नळीने अन्न देणारे, इंजेक्शन देणारे केंद्र या व्याख्येबाहेर कसे राहते? प्रत्यक्षात अशी केंद्रे आरोग्य खात्याला वृद्धाश्रम वाटतात आणि समाजकल्याण खात्याला रुग्णालय. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आणि त्यांतील वैद्यकीय सेवेचे मापदंड ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला. ते मापदंड औषधाच्या कपाटापर्यंत पोचलेले दिसत नाहीत. तपासणीला येणारा अधिकारी खाटा, संडास, स्वयंपाकघर पाहतो. कपाट उघडायला सांगत नाही.

दुकानदारावर मात्र कायद्याची नजर आहे. झोपेची अल्प्राझोलम किंवा झोलपिडेम, वेदनेवरची ट्रामाडोल ही 'एच-वन' यादीतली औषधे. ती विकली की कोणाला, कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, किती, हे वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१४ पासूनचा हा नियम आहे. पण औषध आश्रमाच्या दारातून आत गेले की हिशेब संपला. रात्री कुरकुर करणाऱ्या आजोबांना शेजारच्या खाटेवरच्याची झोपेची गोळी दिली, तर कोणत्या वहीत लिहिले जाणार? हे क्रौर्यातून होते असे नाही, बहुधा दमणुकीतून होते. परिणाम मात्र तोच. गुंगीत उठलेला माणूस पडतो, मांडीचे हाड मोडते, आणि त्या वयात मोडलेले हाड अनेकदा अंथरुणातून उठू देत नाही.

दुसऱ्याची गोळी देण्याचा मोह आणखी एका कारणाने होतो. ते कारण चांगले आहे म्हणून अवघड आहे. आपल्याकडे वस्तू टाकवत नाही. आश्रमातले कोणी गेले की त्यांची उरलेली औषधे पुढच्याच्या उपयोगी पडतील म्हणून ठेवून देतात. वडिलांच्या वर्षश्राद्धाला लोक फळांबरोबर घरातली शिल्लक औषधेही आश्रमाला देतात. देणाऱ्याचा भाव चांगला असतो आणि व्यवस्थापकाला नाही म्हणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा औषधदानाचा नियम याबाबत स्वच्छ आहे. एकदा रुग्णाला दिलेले औषध परत घेऊन दुसऱ्याला दान करू नये, आणि नवे दान करायचे तर मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी. ज्यांना द्यायचेच आहे त्यांनी आश्रमाचे मेडिकलचे महिन्याचे बिल भरावे. ते दान कमी पुण्याचे नाही.

मग करायचे काय? यंत्रे आणायची गरज नाही. प्रत्येक माणसाचा स्वतःचा झाकणाचा डबा असावा. त्यावर नाव, गाव आणि फोटो हवाच, कारण एका आश्रमात दोन गंगाबाई असतातच. औषध कंपनीच्या पाकिटातच राहू द्यावे, देण्याच्या क्षणीच सोडवावे. डब्याच्या झाकणात आतून एक मराठी कागद चिकटवावा. त्यावर गोळीचे नाव, कशासाठी, किती, आणि वेळेसाठी उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य, चंद्र अशी चित्रे. आठवड्याची गोळी असेल तर वार लाल शाईने, मोठ्या अक्षरात, आणि ती गोळी वेगळ्या पाकिटात. दिली की तिथल्या तिथे खूण. आधी सगळ्यांना वाटून नंतर एकदम खुणा करणे म्हणजे नोंद नव्हे. भिंतीवर तापमापक लावावा. पाचशे रुपयांच्या आत चांगला येतो. कपाटाला कुलूप आणि किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे. तिच्या सुट्टीत ती कोणाकडे, हेही लिहिलेले असावे, कारण चुका बहुधा सुट्टीच्या दिवशी होतात.

एवढ्याने भागणार नाही, कारण कागद लिहायचा कोणी हा प्रश्न उरतोच. मावशींनी डॉक्टरचे अक्षर लावावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते काम औषधनिर्मात्याचे आहे. औषध देताना ते कसे घ्यायचे आणि कसे ठेवायचे हे समजावून सांगणे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने त्याच्या कामात धरले आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे संकुल आहे, जिल्ह्यात फार्मसीची महाविद्यालयेही आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह महिन्यातून एकदा एकेका आश्रमाची सगळी पाकिटे टेबलावर मांडून तपासली, तर विद्यार्थ्यांना पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल आणि एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या घेणारे किती जण आहेत तेही कळेल. समाजकल्याण कार्यालयाने तपासणीच्या तक्त्यात 'औषधाचे कपाट' हा रकाना घालावा. त्याला मंत्रालयाची वाट पाहावी लागू नये.

राहता राहिली मुदत संपलेली औषधे. ती आज उकिरड्यावर जातात किंवा चुलीत. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरोघरची शिळी औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. लोह्यात सुरुवातीला एखाद्या मोठ्या मेडिकलमध्ये कुलूपबंद पेटी ठेवली तरी पुरे. महिनाअखेरीला ती अन्न व औषध प्रशासनाच्या देखरेखीखाली रिकामी व्हावी, आणि तिच्यात काय काय निघाले याची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावी.